डीलर घाटापलीकडे

३ मार्च

गाडीने आज मान टाकली. वरच्या वस्तीच्या चढावर, ऐन मध्यात. आधी धूर, मग खोकला, मग काहीच नाही. मी जनावरांची डॉक्टर, पण हिचं बॉनेट उघडल्यावर मलाही कळलं — संपलं! बॅग खांद्यावर टाकली, चालत वर गेले, म्हशीला इंजेक्शन दिलं, चालत खाली आले.

हे घरी आरामात चहा पीत बसलेले. दातांचे डॉक्टर ना! ह्यांचे पेशंट आपल्या पायांनी येऊन खुर्चीत बसतात. माझे डोंगरावर राहतात आणि वर लाथा घालतात.

"नवीन घेऊन टाक," म्हणाले. जणू रुमालच घ्यायचाय!

५ मार्च

दोन गाड्या डोक्यात आहेत. लाल — शोरूम बाजारातच, चालत जाता येईल. हिरवी — चारही चाकांना जोर, दगडातून, चिखलातून, ओढ्यातून जाते म्हणे. किंमत लालच्या दीडपट. आणि डीलर घाटापलीकडे! साधा नट हवा झाला तरी अख्खा दिवस मोडायचा.

हे म्हणतात लाल. माझं मन हिरवीकडे, पासबुक लालकडे.

८ मार्च

लालची ट्रायल. सेल्समन टायमध्ये, तोंड दिसेल असे चकचकीत बूट.

"मॅडम, ट्रायल सपाटीवरच असते."

"माझ्या म्हशी सपाटीवर नसतात."

घेतली चढावर. पहिल्या वळणापर्यंत ऐटीत गेली. पुढे पाइप फुटून चिखल झालेला, तिथे बसली ती बसलीच. पुढची चाकं नुसती गरगर. सेल्समन बिचारा ढकलायला उतरला — डोक्यापासून पायापर्यंत चिखल! एक बूट आतच राहिला.

शेवटी वरच्या वस्तीवरची ट्रॅक्टरवाली आली. बाई एकटी म्हशींचा गोठा सांभाळते. तिने दोर बांधून आम्हाला बाहेर ओढलं. "नवी कोरी गाडी, आणि ओढत न्यायची?" म्हणाली. सेल्समन एका पायावर उभा. तरी म्हणतोच, "मॅडम, मायलेज मात्र फार छान आहे."

९ मार्च

लाल बाद.

१४ मार्च

घाटापलीकडे जाऊन आलो, दोघंही. बसने. अंगाचा खुळखुळा झालाय.

डीलर एक बाई निघाली. दोन खोल्यांचं ऑफिस, दारात हिरवी उभी. चालवून बघितली. ओढ्यात घातली, तिला पत्ताही लागला नाही! हे शेजारी दांडी गच्च धरून, डोळे मिटून. "पोहोचलो का?" एवढंच विचारत होते.

बाई स्पष्ट बोलली. "ताई, खोटं सांगून गाडी गळ्यात मारणार नाही. तुमच्या भागात मी अजून एकही विकलेली नाही. बिघडली तर ट्रकवर घालून इथे आणावी लागेल. पाच गिऱ्हाईकं झाली, तर मात्र दर महिन्याला माझा मेकॅनिक तिकडे पाठवीन."

परतीच्या बसमध्ये मी बोटांवर मोजत बसले. पाच कुठून आणायची? अर्धा घाट उतरल्यावर हे म्हणतात, "पाचच ना? मी बघतो."

मला हसूच फुटलं. ह्यांना घरातली रद्दी विकता येत नाही!

१८ मार्च

अरे देवा. विकतायत!

डबा द्यायला दवाखान्यात गेले, तर आतून आवाज. दूधसंकलनवाले खुर्चीत आडवे, तोंडाचा आ वासलेला, गालात कापूस. हे वरून वाकून, "गोठ्यागोठ्यांवर जायला तुम्हाला दणकट गाडी लागते ना?"

"आँ."

"चारही चाकांना जोर असलेली?"

"आँ आँ."

"छान! नाव लिहून घेतो."

सिस्टर माझ्याकडे बघून कपाळावर हात मारतेय. म्हणे सकाळपासून हेच चाललंय. वनखात्यातले साहेब असेच गळाला लागले. मी बाहेरच्या बाकावर पदर तोंडात कोंबून हसत होते.

२० मार्च

वीटभट्टीवाले तणतणत घरी. "मी कधी हो म्हणालो? भूल उतरली तेव्हा कळलं, गाडी घेतलीय म्हणून!"

ह्यांनी बसवलं, पाणी दिलं, हिरवीचे फोटो पुढे सरकवले. पुढचा तासभर मी फक्त चहा करत होते. जाताना वीटभट्टीवाले दारातून मागे वळून विचारतात, "आणि पिवळ्या रंगात येते का हो?"

२३ मार्च

ट्रॅक्टरवालीचा फोन. पहिलारू म्हैस विताना अडलीय. तिचा ट्रॅक्टर नेमका दुसऱ्याच्या शेतावर. रिक्षा मिळाली ती चढाच्या पायथ्यापर्यंतच. तिथून पळत, थांबत, पुन्हा पळत.

उशीर झाला. म्हैस वाचली. रेडकू मेलेलं निघालं.

बाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातांवर पाणी ओतलं, टॉवेल दिला. "आई तर वाचली, डॉक्टरीणबाई," म्हणाली. म्हैस पिलाला चाटत होती. मला तिथे थांबवेना.

उतरतानाच ठरवलं. पाच होवोत न होवोत, बिघडली तर बिघडली, ट्रकवर घालून नेईन. हिरवीच घेणार.

ह्यांना सांगितलं. एका शब्दाने वाद नाही. माझ्या चपलांवरचा चिखल काढत म्हणाले, "चार झालीत. चौथे आपले किराणावाले. पाचवी तूच होतीस. मी केव्हाच धरली होती तुला."

२४ मार्च

दिवसभर तेच रेडकू डोळ्यांसमोर.

२८ मार्च

डीलरबाईचा फोन! "ताई, ह्या चार गाड्या बुक कुणी केल्या? माझ्या माणसांना वर्षात जमलं नाही!" तिला आमच्या गावात शाखा काढायचीय, मेकॅनिक कायमचा ठेवून. नुसत्या उड्या मारायच्याच बाकी होत्या. मग म्हणाली, "जरा तुमच्या मिस्टरांना द्या."

ह्यांनी फोन आतल्या खोलीत नेला. दार लावून! लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं.

२९ मार्च

शाखा हे चालवणार. दवाखाना बंद करून!

मी हसायला लागले. ह्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. थरथरत होता. "बरेच महिने झाले," म्हणाले. "अवघड दाढा दुसऱ्यांकडे पाठवतो. तुला कसं सांगावं कळेना. तोंड मात्र चालतंय अजून."

उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं. मी तो हात दोन्ही हातांत धरून बसले.

मग स्वतःकडेच बोट दाखवत म्हणाले, "तुझी हिरवी लवकर हवीय ना? थांब, डीलरला विचारून सांगतो."