पाच स्पीकर, एक खाट

११ फेब्रुवारी, मंगळवार

पोराने घरात थेटर करायचं मनावर घेतलंय. गेल्या महिन्यात भिंतभर टीव्ही आणला. आता म्हणे त्याला आवाज नाही. मला तर स्वयंपाकघरात भांडी घासताना सगळं ऐकू येतं. पण तो म्हणतो, "आई, तो आवाज नाही, ती कुरकुर आहे." जेवताना ताटाशेजारी मोबाईल, त्यात स्पीकर. हा चांगला पण महाग, तो परवडतो पण फाटका वाजतो.

सूनबाई म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना एवढी चौकशी केली नव्हतीस."

"तेव्हा रिव्ह्यू वाचायची सोय नव्हती."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

माझा म्हातारा हसला की नाही कळत नाही. त्याची उजवी बाजू गेल्यापासून तोंड एकीकडेच ओढलेलं असतं. हॉलमध्ये खिडकीखाली त्याची खाट आहे, तिथून तो सगळं बघतो. बोलू शकतो, पण एकेक शब्द विहिरीतून बादली ओढल्यासारखा वर येतो. तोवर कोण थांबणार? त्याला काय हवं ते मला आधीच कळतं. देऊन मोकळी होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोनदा चादरी बदलल्या. वाळत नाहीत. कंबर गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्पीकरच्या दुकानातला माणूस मापं घ्यायला घरी आला. मान वाकडी करून, टाळ्या वाजवत हॉलभर फिरला. मला वाटलं डास मारतोय. तो खोलीचा घुमारा बघत होता. मग फरशीवर निळ्या चिकटपट्टीच्या खुणा मारल्या. इथे सोफा, इथे पुढचे दोन स्पीकर, इथे बोलणं ऐकवणारा मधला, आणि मागचे दोन सोफ्याच्या मागे दोन अंगांना. त्याची पद्धतच तशी आहे, आधी पट्ट्या, मग भाव.

सोफा थोडा पुढे ओढून घेतला. त्याच्या मागच्या स्पीकरची खूण मारायला तो खाली वाकला आणि खाटेखाली शिरला. एक पट्टी खाटेच्या पायाशी, एक सरळ खाटेच्या खाली.

मी म्हटलं, "अहो, इथे माणूस झोपतो."

त्याने पोराकडे बघितलं. पोराने पट्टीकडे. मग म्हणाला, "आई, खाट आत सरकवू. मागच्या खोलीत."

मागच्या खोलीत! तिथे इस्त्रीचं टेबल, तुटका पंखा, रिकाम्या बॅगा. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल. त्या खोलीत गेलेली वस्तू परत बाहेर आलेली मी पाहिली नाही. माझं शिलाई मशीन गेलं, ते गेलंच.

म्हातारा काहीतरी बोलायला लागला. "मी... मला..." मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका, मी आहे." आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सूनबाईशी वाजलं. ती म्हणाली, "आई, बाबांना तिथे शांत झोप लागेल."

मी म्हटलं, "शांत झोप मेल्यावर लागतेच. घाई कशाला?"

ती रडली. रडू दे. पोर म्हणाला, दिवसभर काउंटरवर उभा राहून लोकांच्या शिव्या खातो, घरात एक गोष्ट माझ्या मनासारखी नको का? खोटं नाही बोलला. त्याचे पाय सुजतात, मी बघते. पण त्याला सोफ्यावर बसून हेलिकॉप्टर डोक्यावरून जाताना ऐकायचंय, म्हणून बापाने भिंत बघत पडायचं?

तो वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात मीही गेले. पोर म्हणाला, "तू कशाला?" म्हटलं, "घरात कोण ओरडणार ते मला आधी बघू दे."

अंधारी खोली, जाड गालिचा, मऊ खुर्च्या. आधी पाच स्पीकरचा संच लावला. पोराच्या बजेटात तो बसतो. काच फुटली, ती माझ्या पाठीमागे. मी वळून बघितलं. दुकानवाला खूश. मग गाड्या, मग गोळ्या. मी म्हटलं, "आता दोन माणसं नुसती बोलताना लावा." त्याने लावलं. बाई काय बोलते ते कळेना. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी. पोराने कपाळाला आठी घातली. मी बघितली ती आठी.

"आणि पाचाच्या पैशात दोनच घेतले तर?"

दुकानवाल्याने नाक खाजवलं. "तर आजी, दोन चांगले येतात. पाच घेतले की प्रत्येक हलकाच येणार." बिचारा खरं बोलून बसला.

दोन लावले. लाकडी, ठेंगणे, उगीच चमकत नव्हते. तीच बाई बोलली, तर तिने मध्येच आवंढा गिळला तोही ऐकू आला. पोर खुर्चीत पुढे सरकला.

मी म्हटलं, "मागे काही लागत नाही ना ह्याला?"

"नाही."

"मग खाट राहते."

पोर म्हणाला, "आई, तुला स्पीकरमधलं कधीपासून कळायला लागलं?"

"तुझ्या बापाच्या घोरण्यावर कान तयार झालेत."

दुकानवाला हसला. पोर नाही हसला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरत नाही त्याचं. सकाळी दोन, संध्याकाळी पाच. निळ्या पट्ट्या तशाच आहेत. झाडताना मी खाटेखालची एक नखाने उकलली. दुपारी त्याने परत चिकटवली.

घरात सगळे हळू बोलतात. माझ्यासमोर तर बोलतच नाहीत. म्हाताऱ्याला भरवताना आज माझा हात जोरात लागला, ओठाला. मुद्दाम नव्हता. पण हळूही नव्हता. कंटाळा येतो. कोणासाठी भांडते त्याचाही कंटाळा येतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईला पोळ्या लाटताना म्हटलं, "उद्या तुझा नवरा असा पडला, तर कुठे ठेवशील?" लाटणं थांबलं तिचं. वाईट बोलले. पण कामाचं बोलले. रात्री दोघांची कुजबुज चालली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोनच घेणार. पोराने चहा पिताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. पट्ट्या त्यानेच काढल्या. फरशीवर चिकटा राहिलाय, तो मी रॉकेलने पुसला.

म्हाताऱ्याला सांगितलं, "खाट हलत नाही तुमची. जिंकले मी." त्याने डोळे मिटले. दमला असेल.

१ मार्च, शनिवार

स्पीकर आले. टीव्हीच्या दोन बाजूंना उभे केले. आवाज खरंच चांगला आहे, नाही म्हणून काय करू. पोर वायरी लपवत बसला होता. चेहरा लहानपणी नवी सायकल मिळाल्यावर व्हायचा तसा. मग मागच्या मोकळ्या कोपऱ्यांकडे बघितलं आणि तो चेहरा गेला.

२ मार्च, रविवार

पोराचे कामावरचे चार मित्र सिनेमा बघायला आले. सोफ्यावर दोघं, खाली दोघं. मागे खाट. सुरुवात बरी झाली. एकजण म्हणाला, "काका, आवाज कसा आहे?" म्हाताऱ्याने मान हलवली.

अर्ध्यात म्हाताऱ्याला संडासला लागलं. मी चादर आडवी धरली, सूनबाईने भांडं धरलं. चादर ती केवढी? वास काही तिच्या आड थांबत नाही. चौघांनी माना ताठ करून पडद्यावर नजर लावली. एकजण खिडकीकडे जायला म्हणून उठला आणि परत बसला. पोराने रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. आणखी वाढवला. चांगले स्पीकर, वाढवला तरी फाटला नाही.

सिनेमा अर्ध्यावर टाकून गेले सगळे. काम आठवलं म्हणे, चौघांनाही.

पोर उपाशी झोपला. मी सूनबाईला म्हटलं, "माणूस आहे, त्याला लागणारच." ती म्हणाली, "मी काही म्हटलंय का, आई?" खरंच काही म्हटलं नव्हतं.

३ मार्च, सोमवार

सकाळी म्हाताऱ्याची पाठ पुसत होते. तो बोलायला लागला. माझे दोन्ही हात अडकले होते आणि मला बोलायची ताकद नव्हती, म्हणून पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही. पुष्कळ वेळ लागला त्याला.

म्हणाला, "पट्ट्या मारल्या... तेव्हा वाटलं... सुटलो. मला आत ने. दार... असलेल्या खोलीत."