कंपनीसाठी ठेवलेल्या खुर्च्या

ताकोराडी
८ सप्टेंबर

प्रिय अराबाताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? घरात माणसांची ये-जा चालूच असेल. तू वेळेवर जेवतेस का, हे विचारायला फोन करणार होतो, पण तुझ्या फोनचा आवाज तू मोठा करून ठेवतेस आणि मग अंगणातले सगळे मिळून माझ्याशी बोलतात. म्हणून लिहितो आहे. आग्रे दुपारी त्याची प्रवासी ट्रोट्रो घेऊन तिकडे डिक्सकोवला निघेल, त्याच्याजवळ हे पत्र आणि काळ्या कापडाचं गाठोडं देतो. कापड तुला आणि अद्वोआला, दोघींना पुरेल. कमी पडलं तर सांग.

काल शवागारात जाऊन आलो. पुरायच्या दिवसापर्यंत आईला तिथे नीट ठेवलं आहे. तिथला माणूस म्हणाला, "अहो, तुम्ही सारखं यायची गरज नाही. त्या कुठे जात नाहीत." मी सारखा जात नाही. त्या रस्त्याने जाणं होतं, एवढंच.

मांडवाचं मी बघतो. बँडवाल्याशी मामांनी बोलावं, त्यांचं तो ऐकतो.

आता दोन गोष्टी. अंत्यविधीचं पोस्टर छापायला देण्याआधी त्यावरच्या माझ्या नावापुढचं कंपनीचं नाव काढायला सांग. नुसतं नाव पुरे. आईच्या पोस्टरवर कंपनीचं काय काम? दुसरं म्हणजे मांडवात कंपनीच्या लोकांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवू नकोस. ते येतीलच असं नाही. हल्ली बोटी जास्त येतात, शीतगृहात माणसं कमी पडतात.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या बैठकीत मामा जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. "येऊ देत त्यांची बस," म्हणाले, "बसायला खुर्ची देऊ, प्यायला पाणी देऊ. पाणी पिऊन झालं की काय निमित्ताने आलात, हे घराण्याचा प्रमुख म्हणून मीच विचारणार. आणि मग पुढचंही विचारणार. माझी बहीण मरत होती तेव्हा तिच्या पोराला सोडलं नाहीत, आता पुरायला कशाला आलात?" तू म्हणालीस, "मामा, सगळं तुम्हीच बोलू नका हं, मलाही थोडं ठेवा." सगळे हसले. मीही हसलो.

ताई, मामांना समजाव. ओटूसाहेब वाईट माणूस नाहीत. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. अंत्यविधीला आलेल्या माणसाला भर मांडवात असं विचारणं बरं दिसत नाही. तुझं ते ऐकतात.

काम ठीक चाललं आहे. अद्वोआ नमस्कार सांगते.

तुझा भाऊ
फिफी

ता. क. माझा निळा शर्ट तुझ्याकडे राहिला आहे. तो पाठवू नकोस, राहू दे.


ताकोराडी
२४ सप्टेंबर

प्रिय अराबाताई,

तुझा निरोप आग्रेने सांगितला. पोस्टर आधीच छापून झालं होतं हे कळलं. असू दे. मांडवाचे खांब शुक्रवारी सकाळी येतील. शवागाराची गाडीही शुक्रवारचीच ठरली आहे, मी तिच्याबरोबरच येईन.

तू गेल्या आठवड्यात ताकोराडीला येऊन गेलीस हे मला आग्रेने नाही सांगितलं. ओटूसाहेबांनी सांगितलं. ते रविवारी चर्चहून परस्पर आमच्याकडे आले. अद्वोआने त्यांना मक्याची केंकी आणि तळलेला मासा वाढला. ते जेवले, हात धुतले आणि मग मला म्हणाले,

"फिफी, तुझी बहीण वकील आहे का रे?"

"नाही साहेब. मासे भाजून बाजारात विकते."

"मग कोर्टाचं नुकसान झालं." ते पोटावर हात ठेवून बसले होते. "पहारेकऱ्याने अडवलं तर त्याला म्हणाली, बाजूला हो, माझ्या घरी मयत झालंय. सरळ माझ्या टेबलापाशी. मी खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, तुम्हाला आईने जन्म दिला की बर्फाच्या कारखान्याने? आमचे दोन हिशेबनीस उठून बाहेर गेले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, बाई, आमची चूक झाली. माफ करा."

अद्वोआ भांडी आवरत होती, ती थांबली. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही तिला सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? तुझा भाऊ फेब्रुवारीपासून माझ्याकडे नाही हे? तिचे डोळे रडून सुजलेले, आणि त्यावर मी हेही टाकू?" मग ते माझ्याकडे वळले. "आता तू सांग. मी तुझ्या सुट्टीच्या कुठल्या अर्जावर नाही म्हटलं?"

मी अद्वोआच्या हातातली भांडी घेऊन आत गेलो.

तर ताई, हे असं आहे. मी फेब्रुवारीत कंपनी सोडली. कोणी काढलं नाही. मीच राजीनामा दिला. आता मी सुटी कामं घेतो. शीतपेट्या, बर्फाचे कारखाने, हॉटेलांच्या थंड खोल्या, जिथून फोन येईल तिथे. जुनी पिकअप घेतली आहे. ती कंपनीची आहे असं मी तुला सांगितलं होतं.

का सोडली ते सांगतो, म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो. बाबा गेले तेव्हा मला एका दिवसाची सुट्टी मिळाली होती, तुला आठवत असेल. तेव्हापासून ते डोक्यात होतं. आमच्याकडे कधी कधी दुपारीच काम संपायचं, पण पाचचा भोंगा होईपर्यंत फाटकाबाहेर पडता यायचं नाही. मी कॉम्प्रेसरशेजारी बसून असायचो. वाटायचं, हात धड आहेत, काम येतं, मग घरी जायला दुसऱ्याला का विचारायचं? कुणाला विचारायला लागू नये, एवढ्यासाठीच मी नोकरी सोडली.

आईला सांगायचं राहिलं. बाजारात ती काय म्हणायची ते तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलं आहेस. भाव करणारीलासुद्धा ऐकवायची, "माझा मुलगा पर्मनंट आहे." एका रविवारी सांगायचं ठरवून आलो होतो, तर तिने माझा हात धरून शेजारच्या म्हातारीला शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नाव दाखवलं. त्यानंतर दर वेळी मी तोच शर्ट घालून आलो. तो तुझ्याकडे राहिला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

अद्वोआला माहीत होतं. ती मला साहेब म्हणायला लागली होती. "साहेब, रविवारी फिफीला सुट्टी द्याल का? त्याच्या बायकोला चर्चला जायचं आहे." सुरुवातीला आम्ही दोघं हसायचो. मग ती एकटीच हसायची. मग तिनेही सोडून दिलं. कारण फोन वाजला की मी उठतोच. जेवत असलो तरी उठतो. नाही म्हटलं तर तो माणूस दुसऱ्याला बोलावेल आणि पुढच्या वेळीही त्यालाच बोलावेल, असं वाटतं. हे पत्र लिहितानाही दोनदा उठलो. एकदा तर फोन वाजलाच नव्हता.

आता आईच्या आजारपणाचं.

तुझा पहिला फोन आला तेव्हा मी अॅक्सिमला होतो. बर्फाच्या कारखान्याचं मोठं काम होतं, सगळं यंत्र खोललेलं. तू म्हणालीस, आईला दम लागतोय, ये. मी म्हणालो, साहेब सोडत नाहीत. ते ठरवून बोललो नाही. चौदा वर्षं असंच उत्तर देत आलो होतो, ते आपोआप आलं. तू साहेबांना शिव्या दिल्यास आणि मला ऐकायला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. मच्छीमारांचा माल आत सडायला आला होता, काम टाकून निघता येण्यासारखं नव्हतं. इथपर्यंत कदाचित तूही समजून घेशील.

पण ते काम गुरुवारी दुपारी संपलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, अद्वोआलाही नाही.

मी घरी यायलाच निघालो होतो. आगोना चौकाच्या अलीकडे फोन वाजला. तार्क्वाचा एक मांसविक्रेता. त्याची थंड खोली बंद पडली होती. म्हणाला, आज येत असाल तर सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मी चौकात गाडी कडेला घेतली. उजवीकडे आपला रस्ता. तिथून अर्ध्या तासात मी आईजवळ असतो. डावीकडे तार्क्वा. तू सकाळीच म्हणाली होतीस, आई सारखी विचारते आहे. मला वाटलं, विचारते आहे म्हणजे तिला बरं वाटत असेल. नाही, हे मी आता लिहितो आहे. तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. ती का विचारते आहे ते मला कळलं होतं.

मागून लॉरीवाला हॉर्न वाजवायला लागला. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे बाबा, कुठेतरी जा ना!" मी डावीकडे वळलो.

तार्क्वाला काम काहीच नव्हतं. पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. ती कुणीही काढली असती. आई गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा तो माणूस खूश होऊन माझ्यासाठी मांस बांधत होता. मी ते घेतलं. का घेतलं ते कळत नाही.

ओटूसाहेब रविवारी निघताना म्हणाले, "शनिवारी मी बस घेऊन येतो. तुझे जुने सोबती यायचं म्हणताहेत. तुझे मामा पाणी देतील, विचारतील, बोलतील. मी ऐकून घेईन. मी थोड्याच दिवसांत रिटायर होणार, आणि डिक्सकोवला मला ओळखतं कोण? तू तुझ्या आईला नीट पूर." मी त्यांना नको म्हणालो नाही, ताई. रस्त्यापर्यंत सोडायला गेलो आणि त्यांचे आभार मानून परत आलो. दोन रात्री मला वाटत होतं की हे असंच होऊ द्यावं. सगळ्यांचं ठीक झालं असतं. मामांना बोलायला मिळालं असतं, पुढच्या खुर्च्या भरल्या असत्या.

आज सकाळी त्यांना फोन केला. म्हटलं, बस आणा, सगळ्यांना आणा, पण पाणी पिऊन झाल्यावर मामा विचारतील तेव्हा तुम्ही उठू नका. मी उठेन.

"तुला चारचौघांत बोलता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही येत."

"मग?"

"मोठं नाहीये ते, साहेब. थोडंच बोलायचं आहे."

तुला हे आधी लिहितो आहे, कारण माझी बाजू घेऊन तू बाजारभर बोललीस, त्यांच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटलास. हे तू पहिल्यांदा भर मांडवात सगळ्यांबरोबर ऐकावंस असं मला नको आहे. मामांना तू काही सांगू नकोस. ते मी सांगायचं आहे. त्यानंतर त्यांनी मला घराण्याच्या रांगेतून उठवलं तर मध्ये पडू नकोस. तू ओटूसाहेबांची माफी मागायची नाहीस, तीही मीच मागेन.

एक मात्र मला तुला विचारता येत नाही. आई विचारत होती तेव्हा तू तिला काय सांगितलंस? मी जे सांगितलं तेच सांगितलं असणार, तुझ्याकडे दुसरं काय होतं? आणि ती काय म्हणाली असेल तेही मला माहीत आहे. म्हणाली असेल, त्याला बोलावू नका, पर्मनंट माणसाला असं मध्येच येता येत नाही. शेजारच्या बायकांनाही सांगितलं असेल. जाताना ती माझ्यावर रागावली नसेल, ताई. रागावायला हवी होती.

शुक्रवारी येतो. गाडीच्या मागच्या बाजूला, आईजवळच बसून येईन.

ज्याला कोणीही अडवलं नव्हतं, तो तुझा भाऊ
फिफी