पप्पा, दारात ताई होती

प्रिय पप्पा,

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. तुमची आठवण येते, गॅलरीत चांदणी लावताना वायर तुमच्यासारखी नीट बसवता येत नाही, असलं काहीतरी लिहिणार होते. पण परवा गौसचाचा आले आणि ते पत्र राहिलंच. हे रागाचं पत्र आहे. बसून वाचा.

समोरच्या घरातले, रिक्षा चालवणारे आपले गौसचाचा. दर नाताळला आपल्या फराळाचं पहिलं ताट त्यांच्याकडे जायचं. यंदा दुःखामुळे आम्ही फराळ केला नाही, म्हणून तेच खजूर घेऊन आले. आईची विचारपूस केली आणि जाता जाता मला म्हणाले, “बेटी, रूथला कळवलं का न्हाई? चार वर्सामागं नाताळला पोरीला कडेवर घिऊन आली आन् दारातनंच परत गेली. मलाच लई वाईट वाटलं.”

“कुठल्या दारातनं, चाचा?”

“हितल्याच की. स्टँडवरनं मीच आणलं, मीच परत सोडलं. म्हंजे तुला ठाव न्हाई?”

मला काय ठाऊक असणार पप्पा? तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, रूथताईने नंबर बदलला, आपल्याशी संबंध तोडला. तिने श्रीनिवासशी कोर्टात लग्न केलं, चर्चमध्ये नाही, याचा तुम्हाला राग होता हे कळत होतं. पण तुम्ही खोटं बोलाल हे कुणाच्या डोक्यात येणार? चर्चची अख्खी मंडळी तुमच्या शब्दावर चालायची.

तो नाताळ मला आता लख्ख आठवतो. आपण जेवायला बसलो होतो. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे एक जादा ताट मांडलं होतं. प्रभूचं ताट. प्रभूच्या जन्माच्या रात्री मरियेला आणि योसेफाला गावात कुणी जागा दिली नाही, म्हणून नाताळच्या दिवशी आपल्या दाराला कडी लावायची नाही आणि येईल त्याला ते ताट द्यायचं, असं तुम्हीच ठरवलेलं. लहानपणी मी आणि ताई त्या ताटातल्या करंजीवर डोळा ठेवून असायचो, तेव्हा तुम्ही रागवायचात.

मी रस्सा वाढत होते. दार वाजलं. तुम्ही उठलात, बाहेर गेलात, दार ओढून घेतलंत. परत येऊन म्हणालात, “पत्ता चुकलं होतं कुणीतरी.” मग जेवलात. नंतर ते ताट स्वतःच्या हाताने नेऊन रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला देऊन आलात. घास गिळला कसा तुम्हाला?

चाचांच्या फोनमध्ये श्रीनिवासचा नंबर होता. मी ताईला फोन केला. ते इचलकरंजीला असतात, तो यंत्रमागावर काम करतो. तुम्ही गेल्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, “एस्तेर, तुला माझं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं ना गं? पप्पांनी सांगितलं, आत बसलीये, पण बाहेर यायला तयार नाही. आईपण नाही.”

हे का केलंत? तिला परत पाठवलंत ते एक वेळ मी तुमच्या हट्टाच्या खात्यावर टाकलं असतं. पण माझ्या नावाने? मी त्याच भिंतीपलीकडे रस्सा वाढत होते, आणि तुम्ही मलाच तिच्या मनातून काढून टाकलंत. इतकी वर्षं मी तिच्यावर रुसून होते आणि ती माझ्यावर. दोघींच्या मधे तुम्ही निवांत बसून प्रार्थना करत होता.

तुम्ही गेलात तेव्हा मी फार रडले, पप्पा. आता ते रडणंसुद्धा फसवून घेतल्यासारखं वाटतं.

संडे स्कूलमध्ये तुम्ही आम्हाला शिकवायचात, चांदणी, केक, नवे कपडे ही वरची सजावट. नाताळ म्हणजे देव स्वतः माणसांत राहायला आला. कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, कुणी लायक नव्हतं, तरी आला. मला ते खरं वाटायचं. अजूनही वाटतं, आणि याचाच जास्त त्रास होतो. तुमच्यासकट ते टाकून देता आलं असतं तर सोपं झालं असतं.

काल आईला सांगितलं. ती शेंगाची चटणी कुटत होती. हात थांबला. मग डोळे पुसून म्हणाली, “नातीचं नाव काय ठिवलंय?” मी सांगितलं, नाव मरिया आहे. आईने परत कुटायला घेतलं आणि म्हणाली, “मग जरा जास्तच करते. बिन तिखटाची बी करते.”

तर पप्पा, माझं तुम्हाला वचन आहे. तुम्हाला माफ करेन, असं वचन देत नाही, ते मला अजून जमत नाही. यंदा नाताळला आपल्या घराला कुलूप असेल. कुणीतरी येईल म्हणून देव स्वर्गात ताट वाढून बसला नव्हता, तो स्वतः निघाला होता. मी आणि आई सकाळच्या एसटीने इचलकरंजीला जातोय. ताईच्या दारात उभं राहून आम्हीच विचारणार आहोत, आत येऊ का?

तुमचीच,
एस्तेर