ठेंगण्या माडाचं सिरप

१२ जानेवारी
अक्षताने कॅनडाहून कुणाबरोबर तरी मेपल सिरपची बाटली पाठवली. चाखलं. आपली काकवीच, पण पातळ आणि भाव खाणारी. तिकडे म्हणे लोक परसातल्या झाडाला भोक पाडतात, खाली बादली लावतात आणि आत जाऊन बसतात. याला बिझनेस म्हणतात! इथे गोरेगावात आमच्या बैठ्या घरामागे आंबा, फणस आणि ठेंगणा माड फुकट उभे आहेत. अक्षता मार्चमध्ये येतेय. तोवर सिरप तयार हवं. एकदा चाखलं की पोरगी नवऱ्याला फोन करून सांगेल, सौरभ, गाशा गुंडाळ, बाबांचा धंदा सांभाळायला जाऊ. प्रेमाला अजून बोललो नाही. बायकोला आयत्या वेळी सांगावं.

१४ जानेवारी
संक्रांतीचा मुहूर्त. आंब्याला ड्रिल मारलं. रस आला नाही. मुंग्या आल्या.

१५ जानेवारी
फणस उदार निघाला. पांढरा चीक बदाबदा. ड्रिल झाडाला चिकटलं, मी ड्रिलला. प्रेमाने खोबरेल चोळून सोडवलं. चोळता चोळता तिकिटाचं काहीतरी सांगत होती. होय म्हटलं. दोन्ही हात बायकोच्या ताब्यात असताना वाद घालू नये.

१९ जानेवारी
शेवटी माड. खरं तर पहिल्यापासून माझ्या मनात माडच होता. माडाला भोक पाडायचं नसतं. पोय, म्हणजे फुलोऱ्याची बंद शेंग, दोरीने बांधून तिचं टोक छाटायचं असतं. लहानपणी मालवणात पाहिलंय. लांबून, पण पाहिलंय. प्रेमा खालून शिडी धरून म्हणाली, पोय कापली की नारळ धरत नाय, एवढं तरी ठाऊक आहे ना? बायकांना लाँग टर्म दिसत नाही. होत्या तेवढ्या पोयी कापल्या.

२३ जानेवारी
थेंब आला!! गोड!! डोळ्यांत पाणी आलं. प्रेमाला हाक मारली. ती मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसत होती. काहीतरी म्हणाली. होय म्हटलं आणि परत शिडीवर.

२ फेब्रुवारी
रस येतो, पण पुरेसा साठेपर्यंत ऊन लागून फेसाळतो. आंबूस वास. शेजारचे अण्णा कुंपणावरून म्हणाले, अहो, ही नीरा राहिली नाही, माडी झाली. टेस्टिंगला पेलाभर दिली. त्यांनी दुसरा मागितला, मग तिसरा. मार्केट रिस्पॉन्स झकास. संध्याकाळी त्यांच्या मिसेस, शांताबाई, दारात येऊन नको नको ते बोलल्या. लायसन नसताना असले धंदे, पोलिसांत देईन म्हणाल्या. नव्या उद्योगाला समाज विरोध करतोच.

९ फेब्रुवारी
पातेलंभर रस आटवायला ठेवला. वाटीभर उरला, तोही करपला. प्रेमा मध्येच पासपोर्ट उघडून काहीतरी दाखवायला आली होती. होय होय म्हटलं, उकळी बघू दे. त्या नादात रस तळाला लागला. म्हणजे चूक तिची.

१८ फेब्रुवारी
निश्चय: पहाटे उठून ताजा रस उतरवणे. उठलो तेव्हा दूधवाला, पेपरवाला सगळे येऊन गेले होते. गजर प्रेमाने बंद केला असावा.

२६ फेब्रुवारी
एक बाटली तयार! खोकल्याच्या औषधाची आहे, पण भरली. रंग इंजिन ऑइलचा. प्रीमियम दिसतो.

१ मार्च
अक्षता आली. एकटीच. पोट दिसतंय. सहावा महिना. फोनवर सांगितलं होतं म्हणे. लाईन खराब असेल.

घावन्यांवर सिरप वाढलं. तिने एक घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला, मग पाणी प्यायली. छान आहे बाबा, म्हणाली. मी लगेच विषय काढला: सौरभला बोलावून घे, धंदा तुमच्या नावावर करतो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, बाबा, आम्ही आता तिकडचेच. मी आईला न्यायला आलेय, बाळंतपणाला.

म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही. प्रेमा म्हणाली, तीनदा सांगितलं. तिकीट काढलं तेव्हा, बॅग काढली तेव्हा, व्हिसा आला तेव्हा. तिन्ही वेळा तुम्ही होय म्हणालात.

मी कशाचं काय करतो, कुणासाठी करतो, हे या घरात कुणी बघत नाही.

१५ मार्च
एअरपोर्ट. बाटली मी कपड्यांत गुंडाळून बॅगेत घातली होती. वजन जास्त भरलं, अक्षताने ती काढून माझ्या हातात दिली. मालवणी मसाला गेला, कोकम गेलं, कुळथाचं पीठ गेलं. प्रेमाने आत जाताना वळून पाहिलं नाही. पाहिलं असेल. मध्ये माणसं होती.

६ एप्रिल
माडाच्या पोयी सुकल्या. झाडाला विश्रांती हवीच होती.

फोन आला. प्रेमाला तिकडे बरं वाटतंय म्हणे. गुडघे दुखत नाहीत. अक्षता म्हणाली, आईचं परतीचं तिकीट पुढे ढकलू का? मी होय म्हटलं. ऐकून म्हटलं.

दुपारी अण्णा आले. वाटलं, माडी मागायला. सांगितलं, प्रॉडक्शन बंद आहे. म्हणाले, नको हो, हिने आमटी दिलीय तुमच्यासाठी. टोप सावकाश द्या.

ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो. आमटीत मीठ कमी होतं. सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.