तिसरी सही

रहाटणी, रविवार दुपार

प्रिय स्वरूपा,

फोनच केला असता, पण फोनवर तू लगेच 'ठेवते गं' म्हणतेस, आणि मला बरंच सांगायचंय. नाशिकला थंडी पडली का? माझं चाकणच्या कंपनीतलं अकाउंट्सचं काम तेच आहे. नवीन एवढंच, की आपल्या भैरवनाथ मंदिराचे हिशेबही आता माझ्याकडे आलेत.

रिटायर झाल्यावर काकांनी, तुझ्या बाबांनी, हे मंदिर कसं उभं केलं, ते तू पाहिलंयस. वर एक मजला चढवून पाळणाघर काढायचं, म्हणजे कॉलनीतल्या बायका निर्धास्तपणे शिफ्टला जातील, ही मात्र त्यांची अलीकडची कल्पना. लोकांनी मनापासून वर्गणी दिली. पण ट्रस्टची नोंदणीच नव्हती, त्यामुळे मंदिराच्या नावाचं खातंही नव्हतं. काका वर्गणी स्वतःच्याच खात्यात भरायचे. पेन्शनही तिथेच यायची. मी म्हटलं होतं, काका, हे वेगळं ठेवा. तर हसून म्हणाले, "पोरी, मी काय पळून चाललोय व्हय?"

आणि श्रावणात ते अचानक गेले. तू आलीस आणि बाहेरच्या बाहेर परत गेलीस, ते मी पाहिलं गं. तुझ्या लग्नापासून बंद झालेलं दार त्या दिवशी तरी उघडेल असं मला वाटलं होतं.

नंतर बँकेत कळलं, की खात्याला नॉमिनी नाही. म्हणजे कायद्याने सगळी रक्कम वारसांची. कॉलनीत कुजबुज सुरू झाली, काकांकडेही लोक बोट दाखवू लागले. तुझा भाऊ विलास चिडून म्हणाला, "बाबांच्या खात्यात आहे ते आमचं. तुमचं किती, ते दाखवा."

मग मी मंदिराच्या ओट्यावर बसले. लोक आपापल्या पावत्या घेऊन आले. भाजीवाल्या सोजरबाईंनी तर पावती लॅमिनेट करून ठेवली होती! पासबुकातली पेन्शन एकीकडे काढली, वर्गणी एकीकडे. पैशाचाही फरक निघाला नाही. तरी विलास ऐकेना. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, त्याचंही मला कळत होतं.

तेव्हा सावित्रीकाकू उठल्या. सभेत कधी तोंड न उघडलेली तुझी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "इलास, लोकांनी पैसं दिलं ते तुझ्या बापाच्या तोंडाकडं बघून. त्यातला एक रुपाया घरात आला, तर मला त्यांच्या फोटोम्होरं उभं ऱ्हाता यायचं न्हाई." विलास निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र रात्रपाळी संपवून, युनिफॉर्मवरच बँकेत आला आणि वर्गणीची रक्कम मंदिराला द्यायला वारसांची हरकत नाही, अशा कागदावर सही केली. त्याच्याशेजारी काकूंनीही केली.

आता ट्रस्टची रीतसर नोंदणी झालीय. मंदिराचं स्वतःचं खातं आहे, प्रत्येक चेकवर दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात, दरवर्षी ऑडिट होणार. पाळणाघराचा नकाशाही तयार आहे. अडलंय ते एकाच ठिकाणी. बँकेच्या साहेबांनी कागद पाहून विचारलं, "मुलगी आहे ना? वारस म्हणून तिचीही सही लागेल."

स्वरूपा, तो कागद तुला कुरिअरने पाठवता येतो, नाशिकहून सही होऊन येईल, बँकेला तेवढं पुरे. मी तसं काकूंना सुचवलंही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. म्हणाल्या, "इतकी वर्सं लेकीला घरात ये म्हनलं न्हाई, आन आता सही मागू? तोंड हाय का मला? तिला आदी जेवाया बोलाव. सहीचं तिच्या मनावर." त्या स्वतः फोन करणार होत्या, पण नंबर लावला की रडू येतं, म्हणून हे काम माझ्यावर आलं. पुढच्या रविवारी ये. नाशिक फाट्याला उतर, मी न्यायला येते. निघताना काकूंनी मला दारातून परत हाक मारली आणि म्हणाल्या, "आन हे बी लिही. एकटीला न्हाई बोलवत मी. जावयालाबी घेऊन यायचं."

वाट बघतेय,
तुझीच
विजयश्री