घराकडची भिंत

२२ नोव्हेंबर, रविवार सकाळ

दादा,

नाही, आता ऐकून घे. काल जेवता जेवता उठलास आणि "विषय संपला" म्हणालास. तुझा संपला असेल.

नमस्कार राहिलाच. तर नमस्कार. आम्ही सगळे मजेत. म्हणजे तुझ्याच घरात, जिन्याखालच्या खोलीत, पण पत्रात असं लिहायचं असतं ना.

बागेतल्या शेडचं, म्हणजे तुझ्या ऑफिसचं, काम उरकलं. जमिनीत जाड प्लास्टिक अंथरून वर कोबा केलाय. बाजूच्या भिंतींचा फुगलेला गिलावा कमरेपर्यंत फोडून वॉटरप्रूफिंग मारून घेतलं. गवंड्याच्या डोक्यावर मी बसलेच होते. तूच म्हणालेलास, "छोटे, तू घरीच असतेस, जरा लक्ष ठेव. कॉम्प्युटरला ओल चालत नाही." मी घरी असते कारण आई घरी असते. असो.

घराकडच्या भिंतीला तू दुप्पट जाडीच्या इन्सुलेशनच्या गाद्या लावायला सांगितल्यास. गवंडी म्हणाला, "ताई, पाऊस मागून झोडपतो. जाड थर तिकडे नको?" मी तुला फोन केला, तर "सांगितलंय तेवढं करा." मग मला कळलं. तुझी मीटिंग चालू असते आणि आई "बाळ्या, अरे बाळ्या" करत दार वाजवते. स्क्रीनवरची माणसं हसतात. मी समजून घेतलं. म्हटलं, त्याला आवाज नको असेल, काम करायचंय बिचाऱ्याला. बिचारा म्हटलं मी तुला.

मागच्या भिंतीचे पोपडे अजून पडतायत. हात लावला की ओला होतो. तू म्हणालास, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू." मी वहिनीला विचारलं, कॉम्प्युटर एकदम काटक झाला का गं? ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेल्याच घड्या मोडून परत घातल्या तिने.

आणि काल सुतार आला. दाराला कडी बसवली, ती बाहेरून. आतून काहीच नाही. मी म्हटलं, "अहो, उलटी लागली."

"साहेबांनी अशीच सांगितलीय," म्हणाला. मग हसला, "ऑफिसात कुणाला कोंडताय?"

मीही हसले, दादा. त्याच्याबरोबर चांगली खळखळून हसले. तो गेल्यावर तिथेच कोब्यावर बसले.

जेवताना विचारलं तर म्हणालास, "आईला स्वतंत्र खोली मिळतेय, त्यात एवढं काय? तिच्या खोलीत उजेड चांगला आहे, मी तिथे बसेन." पोळीचा घास तोंडात ठेवून म्हणालास. तिला माझं नाव आठवत नाही. स्वतःचंही नाही. तुझं तेवढं उरलंय, आणि तू ते ऐकू येऊ नये म्हणून भिंत जाड केलीस. माझ्याकडून करून घेतलीस. मी एकेक फट बोटाने चाचपून बघितली होती.

तू अंघोळीला गेलायस. शॉवरचा आवाज येतोय. आईला स्वेटर घातलाय, तिची औषधं घेतलीत, गाडी फाटकाशी उभी आहे. कुठे ते लिहीत नाही. मावशीला फोन करू नकोस, तिलाही माहीत नाही.

आई गाडीत शहाण्यासारखी बसलीय. तिला वाटतंय, आपण तुला शाळेतून आणायला निघालोय. मी नाही म्हटलेलं नाही.

शॉवर थांबला.

येते म्हणत नाही. जाते.

छोटी