पाठीमागे दोन बोटे

२० नोव्हेंबर १९९५, सोमवार. डोंबिवली.
वागळे इस्टेटमधल्या संगणक-दुकानाचे भोईर साडेदहाला हजर. वेळ अकराची दिली होती. लवकर येणे हीसुद्धा बेशिस्तच.
डबा जुनाच, चपटा, चार इंच उंचीचा. आतले सारे नवे. ३८६ गेला, ४८६ आला. मेमरी दोनाची आठ एमबी. प्रोसेसरच्या डोक्यावर वाटीएवढा पंखा. तो या डब्यात मावणार नाही, असे दुकानात सगळ्यांचे मत होते म्हणे. मी वही उघडून मापे दाखवली: तीन मिलिमीटर उरतील. उरले. बरोबर तीन.
भोईर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या लाइनमध्ये असत्या ना, तर आमचं दुकान बंद." स्तुती होती. घेतली.

२१ नोव्हें.
यंत्र टेबलात बसवले. हे टेबल माझे स्वतःचे. मिलिमीटरच्या कागदावर काढून गेल्या वर्षी गोविंद मिस्त्रींकडून करवून घेतले. खाली डब्याचा कप्पा, वर मॉनिटर, पुढे सरकते दार, पाठीमागे अखंड फळी. वायरींपुरते एकच भोक, त्यालाही रबराची कडी. मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, "बाई, पाठीमागं दोन बोटं सोडूया. वारा खेळायला पाहिजे." मी म्हटले, धूळ खेळेल. शिवाय कप्प्यात डब्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, फट राहिली होती, तीही चालणार नाही. टेबल परत पाठवले. दीड तासात घेऊन आले. फट नाहीशी, आतून सनमायका चकचकीत. बोलतात फार, पण हात चांगला आहे.
डबा आता असा बसतो की काढायला फूटपट्टी आत घालावी लागते.

२३ नोव्हें.
देवधर प्रकाशकांचा कोपरीहून फोन. माझ्या 'उष्णता' या पाठ्यपुस्तकाची छपाईयोग्य पाने १५ जानेवारीपर्यंत हातात हवीत. नाहीतर हस्तलिखित नेहमीच्या छापखान्यात जुळणीला जाईल. त्या छापखान्याने माझ्या 'प्रकाशविज्ञाना'त उणे चिन्हे पेरायची तिथे गाळली आणि गाळायची तिथे पेरली. शुद्धिपत्र चार पानांचे. विद्यार्थी अजून विचारतात, "मॅडम, पुस्तक बरोबर की तुम्ही?"
या वेळी प्रत्येक समीकरण मी स्वतः बसवणार. शुद्धिपत्राविना पुस्तक. दोनशे बारा पाने.

२५ नोव्हें., शनि.
मराठी अक्षरे पडद्यावर आता थांबत नाहीत, झरझर उतरतात. पहिले प्रकरण पूर्ण. देखणे.
सव्वाचारला यंत्र गोठले. बाण हलेना, कळा दाबल्या तरी काही नाही. बंद करून पुन्हा चालू. पुन्हा तेच.

२९ नोव्हें.
नोंदी ठेवते आहे. चालू केल्यापासून गोठेपर्यंत, मिनिटांत: ३८, ४१, ३७, ३८, ३९. इतकी नियमित गोष्ट योगायोग नसते. यामागे एकच कारण आहे आणि ते मला सापडेल.
वि. (आमचे यजमान, बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूविषयी मत असते) म्हणाले, "अगं, चाळीस मिनिटांनी तुझ्या वर्गातली मुलंसुद्धा गोठतात."

२ डिसें.
व्होल्टेज. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणून दोन दिवस दर पाच मिनिटांनी वाचन. चढउतार आहेत, पण गोठण्याच्या क्षणाशी त्यांचा संबंध शून्य. कल्पना रद्द.
उरली नवी मेमरी. भोईरांना बोलावले.

४ डिसें.
भोईर डबा घेऊन गेले.

७ डिसें.
परत आणला. "दोन दिवस चालू ठेवलेली मॅडम, एकदापण नाही लटकली." टेबलात बसवला. अडतीस मिनिटे.
मी म्हटले, तुम्ही यंत्र चालू केलेत आणि चहाला गेलात. मेमरी बदलून गेले. जाताना दाराशी म्हणाले, "एक दिवस तुम्हीच या दुकानात. खुर्ची देतो."

८ डिसें.
नवी मेमरी. सदतीस.

११ डिसें.
भोईरांच्या मालकांना पत्र. 'चाचणी न करताच यंत्र निर्दोष असल्याचे सांगण्यात आले.' भाषा संयत, आशय नाही. वि. ना वाचून दाखवले. म्हणाले, "एवढं सुंदर पत्र त्या माणसाची नोकरी घालवेल." मी म्हटले, चूक असेल तर जावी. टपालात टाकले.

१५ डिसें.
पाने झाली एकसष्ट. दर चाळीस मिनिटांनी थांबा, बंद करा, चालू करा, शेवटची चार समीकरणे पुन्हा. महिना उरला. देवधरांचा पुन्हा फोन: "मॅडम, ताण नका घेऊ, आपला छापखाना आहेच." हे सांत्वन होते असे त्यांना वाटते.

१८ डिसें., सोम.
रजा टाकली. डबा रिक्षात मांडीवर घेऊन वागळे इस्टेट. लेथच्या कारखान्यावर पहिला मजला. भोईरांनी खरोखरच खुर्ची ठेवली होती, वर उशी. मालक पत्राबद्दल त्यांना बोलले असावेत. मालक नजर देत नव्हते, भोईर देत होते.
अकरा ते पाच. झाकण स्क्रूसकट बंद, वर मॉनिटर, घरी असतो तसाच. मी प्रकरण सहा बसवत राहिले. दर चाळीस मिनिटांनी भोईर घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे. एकदाही गोठले नाही. तेवीस पाने.
निघताना त्यांनी विचारले, "मी चहाला गेलेलो का मॅडम?"
नव्हते गेले. माझाच चहा त्यांनी दोनदा आणून दिला.

१९ डिसें.
यंत्र तेच, मेमरी तीच, सॉफ्टवेअर तेच, मॉनिटर डोक्यावर तसाच, वीज तिथली अधिकच वाईट. बदलले काय? तिथे बाकावर मोकळ्या हवेत होते. इथे टेबलात आहे.
चालू केले. पस्तीस मिनिटांनी सरकते दार उघडून डब्यावर हात ठेवला. ठेववेना.
जुना ३८६ याच कप्प्यात वर्षभर निमूट चालला, म्हणून टेबलावर संशय घ्यायचे मला सुचले नाही. हा ४८६ तापतो. पंखे गरम हवा मागे फेकतात. मागे माझी अखंड फळी. तीच हवा फिरून पुढे येते, पुन्हा आत जाते. बावीस वर्षे मी हेच फळ्यावर खडूने काढते आहे.

२० डिसें.
फूटपट्टीने डबा काढून जेवणाच्या टेबलावर. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, एक क्षणही न थांबता. एकोणतीस पाने. वि. ताट मांडीवर घेऊन जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत, हे नोंदवून ठेवते.
कारण एकच होते आणि ते मला सापडले. आज दुसरे काही लिहिणार नाही.

२१ डिसें.
लिहिलेच पाहिजे. मालकांना दुसरे पत्र: पहिले पत्र पूर्णतः मागे घेते, दोष माझ्या टेबलाचा, भोईरांचे निदान पहिल्या दिवसापासून अचूक. तीन ओळी. लिहायला पहिल्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला. स्वतः नेऊन दिले.
भोईरांनी वाचले. घडी घालून खिशात ठेवले. "हे मी लॅमिनेट करून घेणार."

२४ डिसें., रवि.
गोविंद मिस्त्री करवत घेऊन आले. मी म्हटले, पाठीमागे खिडकी कापायची आहे.
"किती?"
"दोन बोटे नको. वीतभर."
टेबलाकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "मी काय बोललो होतो बाई, आठवतं?"
"शब्दशः आठवते. म्हणूनच बोलावले."
हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. वि. आतल्या खोलीत हसले. खिडकीला पितळी जाळी बसवली. माप एक मिलिमीटरने चुकले आहे. राहू दिले.

२ जाने. १९९६
जाळी उत्तम. रोज आठ-आठ तास. पाने एकशे एकोणऐंशी. काल संध्याकाळी पडद्यावर समीकरण उतरताना पाहून वि. म्हणाले, "छापल्यासारखं दिसतंय." छापल्यापेक्षा चांगले दिसते, असे मी सांगितले.

८ जाने.
दोनशे बारा. तीनदा वाचली, एकदा उलट क्रमाने. चूक शून्य.

१० जाने., बुध.
कोपरी. फ्लॉप्या आणि पाने देवधरांपुढे ठेवली, मुदतीच्या पाच दिवस आधी. त्यांनी चष्मा बदलून दोन तास चूक शोधली. मी समोर बसून राहिले. शेवटी लाल पेन टोपणात गेले. हा क्षण मी 'प्रकाशविज्ञान' निघाल्यापासून मनात पाहत होते. प्रत्यक्षात अधिक चांगला होता.
मग म्हणाले, "शेवटचं एक पान कोरं राहू दे मॅडम. शुद्धिपत्रासाठी. आमची पद्धत आहे." मी म्हटले, कोरे पान नको, मी ते भरून देते.

१२ जाने.
त्या पानासाठी एक नवे उदाहरण रचले. 'एका बंद लाकडी कपाटात उष्णता निर्माण करणारे यंत्र घट्ट बसवले आहे. यंत्र किती मिनिटांनी धोक्याच्या तापमानाला पोचेल? पाठीमागे वीतभर जाळी बसवल्यास काय होईल?' मापे माझ्या टेबलाची, खरी. खाली लिहिले: उदाहरण सुचवल्याबद्दल गोविंद मिस्त्री व भोईर यांचे आभार. वि. नी वाचले, चष्मा पुसला. "भोईर हेपण लॅमिनेट करणार."

१३ जाने., शनि.
जाळीचा भाग सुटला. पहिला सुटेना. गणिताने उत्तर बावन्न मिनिटे. माझ्या नोंदी सांगतात अडतीस. चौदा मिनिटांची चूक मी छापू शकत नाही, आणि अडतीस हे उत्तर नुसते लिहून टाकणे हा खोटेपणा. प्लायची जाडी, सनमायका, डब्याचा पत्रा, सारे धरले. चारदा केले. बावन्न.
कप्पा मी समजते त्यापेक्षा जास्त उष्णता कोंडतो आहे.
दुपारी त्या दोन सुतांची आठवण झाली. दोन्ही बाजूंची फट दीड तासात नाहीशी झाली होती, आणि तेवढ्या वेळात सबंध कप्पा नव्याने करता येत नाही. सनमायकाच्या मागे मिस्त्रींनी काय भरले, हे मी तेव्हा विचारलेच नाही. माप बरोबर आल्यावर मी विचारत नाही.
बोटाने ठोकून पाहिले. आवाज मऊ येतो, प्लायसारखा टणक नाही.
देवधरांना पान सोमवारी हवे. मिस्त्री सनमायका उघडायला उद्या सकाळी नऊला येतो म्हणाले. उत्तराची जागा तोवर कोरी.